चार्टवरचा आकडा आणि होडीखालचं पाणी: सागरी नकाशा वाचायची सुरुवात

चार्टवर एका जागी २ लिहिलंय आणि त्याच्या पायाशी बारीक १. नवखा माणूस वाचतो, इथे २.१ मीटर पाणी. पौर्णिमेच्या आसपास मुंबई बंदरात तुम्ही त्याच जागी उभे राहिलात, तर सकाळी ओहोटीला २.९ मीटर पाणी मिळेल आणि दुपारी भरतीला ६.५ मीटर. नेमकं २.१ मीटर पाणी तिथे वर्षातून क्वचितच येतं. तरी आकडा चुकलेला नाही. तो कोणी, केव्हा, कशावरून मोजला आणि कुठल्या पातळीपासून धरला हे कळलं की चार्ट वाचायला येऊ लागला असं समजा. बाकीच्या खुणा पाठ होतात.

शिडाच्या होडीवर शिकायला आलेले, घरच्या मचव्यावर जायला लागलेली कोळीवाड्यातली मुलं, मर्चंट नेव्हीची तयारी करणारे, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणाला मुंबईतलं गेटवे ते अलिबागजवळचं मांडवा हा पट्टा घेतलाय, कारण तो बहुतेकांनी लाँचमधून पाहिलेला असतो. घरी टेबलावर सराव करायला हे पुरेसं आहे. प्रत्यक्ष पाण्यात उतरताना ताजा अधिकृत चार्ट आणि तो भाग जाणणारा तांडेल (होडीचा नाखवा), दोन्ही बरोबर हवेत.

पहिली पायरी: चार्ट निवडा आणि त्याची चौकट वाचा

भारतीय किनाऱ्याचे अधिकृत चार्ट भारतीय नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. ते डेहराडूनला आहे. समुद्राचे नकाशे डोंगरातल्या गावात बनतात याचं नवख्यांना नवल वाटतं. कामाची सुरुवात १८७४ साली कोलकात्यात झाली आणि १९५४ मध्ये कार्यालय डेहराडूनला गेलं.

एकाच समुद्राचे वेगवेगळ्या स्केलचे चार्ट असतात. १:३,००,००० च्या चार्टवर अख्खा किनारा दिसतो, पण बंदरातला खडक दिसेलच असं नाही. बंदरात शिरताना १:२५,००० किंवा त्याहून तपशिलाचा चार्ट लागतो. स्केलमधला दुसरा आकडा जितका लहान, तितका तपशील जास्त. ज्या भागात जायचंय त्याचा सर्वांत तपशिलाचा जो चार्ट मिळतो, तोच वापरायचा.

हातात आल्यावर समुद्राकडे बघण्याआधी शीर्षकाची चौकट वाचा. खोली मीटरमध्ये की फॅदममध्ये? जुन्या चार्टवर फॅदम असतात. एक फॅदम म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर, जवळपास आपल्या मच्छीमारांची एक वाव. दुसरं, स्थान कुठल्या डेटमवर, म्हणजे मोजणीच्या कुठल्या आधारावर, आहे? जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वापरतं. चार्ट जुन्या डेटमवर असेल आणि तुम्ही जीपीएसचे आकडे तसेच त्यावर मांडलेत, तर खूण भलत्याच जागी पडते. तिसरं, दीपगृहांची आणि पुलांची उंची कुठल्या पातळीपासून धरलीय? ती खोलीच्या पातळीपासून नसते, भरतीच्या कुठल्यातरी पातळीपासून असते.

दुसरी पायरी: आकडा कसा आला ते समजून घ्या

बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका हा भाग दोन ओळींत उरकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पूर्वी खोली शिशाचा गोळा बांधलेल्या दोरीने मोजत. दोरीला ठरावीक अंतरावर खुणा असत. गोळ्याच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. गोळा तळाला टेकला की चरबीला वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई, म्हणजे खोलीबरोबर तळाची जातही कळे. चार्टवर इंग्रजी एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल आणि आर म्हणजे खडक अशी अक्षरं आजही दिसतात ती याच परंपरेतली. नांगर टाकताना त्यांचा उपयोग होतो. चिखलात नांगर रुततो, खडकावर घसरतो किंवा असा अडकतो की निघत नाही.

आता हे काम आवाज करतो. सर्वेक्षण बोटीच्या बुडातून ध्वनीचा स्पंद खाली सोडतात आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. स्पंद ०.०२ सेकंदात परत आला, तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे खोली १५ मीटर. हिशोब सोपा, पण आवाजाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. खाऱ्या आणि कोमट पाण्यात तो जास्त, गोड्या पाण्यात कमी. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी वर गोडं पाणी आणि खाली खारं असे थर बसतात. तिथे वेग दोन-अडीच टक्क्यांनी चुकीचा धरला, तर २० मीटर खोलीत जवळपास अर्ध्या मीटरचा फरक पडतो. म्हणून सर्वेक्षक काम सुरू करण्यापूर्वी पाण्यात उपकरण सोडून थराथरातला वेग मोजतात. उथळ पाण्यात आणखी एक जुनी खात्रीची पद्धत आहे. धातूची सपाट पट्टी साखळीने बोटीखाली बरोबर ५ मीटरवर सोडायची आणि यंत्र ५ दाखवतं का ते बघायचं. मग १० मीटरवर सोडून पुन्हा तेच. यंत्र ५.२ दाखवत असेल, तर ते दुरुस्त केल्याशिवाय कामाला लागायचं नाही.

शिवाय बोट लाटांवर वरखाली होते, डावी-उजवीकडे झुकते. त्यासाठी हालचाल टिपणारी यंत्रं लागतात. किनाऱ्यावर भरतीमापक बसवलेला असतो आणि प्रत्येक मोजणीतून त्या क्षणाची भरती वजा केली जाते. या वजाबाकीमुळेच चार्टवरचा आकडा प्रत्यक्ष पाण्यापेक्षा लहान दिसतो.

एक यंत्र फक्त बुडाखालची एक रेषा मोजतं. दुसरं, मल्टिबीम, पंख्यासारखं पसरून तळाचा रुंद पट्टा मोजतं. एका रेषेच्या यंत्राने १:१०,००० च्या सर्वेक्षणात रेषा साधारण ५० मीटर अंतरावर घेण्याची रीत होती. त्या दोन रेषांच्या मधे एखादा सुळका राहून गेला असेल तर? चार्टवर दोन आकड्यांमधली मोकळी जागा सुरक्षित असेलच असं नाही. कदाचित तिथे कोणी मोजलंच नसेल.

म्हणून चार्टच्या कोपऱ्यातली छोटी आकृती शोधा. कुठला भाग कुठल्या साली आणि कशा पद्धतीने मोजला हे त्यात असतं. इलेक्ट्रॉनिक चार्टवर हीच माहिती विश्वासाच्या श्रेणीने देतात. ए१ श्रेणीत स्थान ५ मीटरच्या आसपास अचूक धरतात (खोलीप्रमाणे त्यात थोडी भर), बी मध्ये ५० मीटर आणि सी मध्ये ५०० मीटर. सी श्रेणीच्या पाण्यात खडकाला शंभर मीटरची जागा सोडून निघणं म्हणजे नशिबावर हवाला.

तिसरी पायरी: भरती मिळवा

चार्टवरच्या खोल्या चार्ट डेटम नावाच्या पातळीपासून धरतात. पाणी जिच्या खाली क्वचितच उतरतं अशी ती पातळी. प्रत्यक्ष पाणी काढायचं तर चार्टचा आकडा अधिक त्या वेळची भरतीची उंची. भरतीची उंची भरतीच्या कोष्टकातून मिळते. ती कोष्टकं सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी काढतं.

मुंबईचे सरासरी आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. उधाणाला भरती ४.४ मीटर, ओहोटी ०.८. भांगाला भरती ३.३, ओहोटी १.९. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरती-ओहोटीत मोठा फरक; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान फरक. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोबही इथे कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. हा हिशोब कोष्टकाची जागा घेत नाही. पण कोष्टकाचं पान चुकून दुसऱ्याच महिन्याचं उघडलं असेल, तर तो लगेच सावध करतो.

काही आकड्यांखाली रेघ असते. नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. रेघेचा १.४ म्हणजे ती खोली नव्हे. ती जागा डेटमच्या १.४ मीटर वर आहे, म्हणजे ओहोटीला उघडी पडते. तिथे भरतीतून १.४ वजा करायचे.

समजा उधाणाचा दिवस आहे. ओहोटी सकाळी ६ ला ०.८ मीटर, भरती १२ ला ४.४. फरक ३.६ मीटर. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. फरकाचे बारा भाग करा, इथे एक भाग ०.३ मीटर. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणून ८ वाजता भरती १.७ मीटर, ९ ला २.६ आणि १० ला ३.५.

त्या १.४ च्या उंचवट्यावरून एक मीटर ड्राफ्टची होडी न्यायची आहे. ड्राफ्ट म्हणजे होडीचा पाण्याखालचा भाग. खाली अर्धा मीटर राखीव ठेवूया, म्हणजे दीड मीटर पाणी हवं. त्यासाठी भरती २.९ मीटर व्हायला हवी. ९ ला ती २.६ असते आणि पुढच्या तासात ०.९ चढते, म्हणून ९ वाजून २० मिनिटांच्या आधी तिकडे जायचं नाही. लाट असेल तर राखीव पाणी वाढवा आणि आणखी थांबा. हा हिशोब कागदावर दहा वेळा वेगवेगळे आकडे घेऊन करा.

चौथी पायरी: रंग आणि धोक्याच्या खुणा

कागदी चार्टवर जमीन पिवळट, ओहोटीला उघडा पडणारा भाग हिरवट, उथळ पाणी निळं, खोल पाणी पांढरं. कुलाब्याच्या दक्षिणेला प्रॉन्ग्स दीपगृहाभोवती हा हिरवट पट्टा नीट बघा. १८७५ सालचं हे दीपगृह खडकांवर आहे आणि पूर्ण ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येतं. भरतीला तोच खडक पाण्याखाली असतो.

अधिकचं चिन्ह म्हणजे पाण्याखालचा खडक, फुलीसारखा तारा म्हणजे ओहोटीला दिसणारा. ठिपक्यांच्या लंबगोलात आडवी रेघ आणि तिला छेद देणाऱ्या उभ्या रेघा असतील, तर तिथे धोकादायक बुडालेलं जहाज आहे. बाजूला पी आणि ए ही अक्षरं असतील, तर त्याची जागा अंदाजाने दिलेली आहे. मग त्या जागेपासून अजून लांब राहा. मुंबई बंदराच्या उथळ भागांत डोल जाळ्यांचे खुंट असतात. मोसमाप्रमाणे ते हलतात, म्हणून चार्टवर नाहीत एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तिथे कोण जाळी लावतं, हे गावात विचारा.

पाचवी पायरी: अंतर आणि दिशा

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणून अंतर चार्टच्या डाव्या किंवा उजव्या कडेवर मोजायचं, आणि तेही तुम्ही जिथे आहात त्याच्या समोरच्या भागात. वरच्या किंवा खालच्या कडेवर रेखांश असतात. मुंबईजवळ रेखांशाचं एक मिनिट जेमतेम १,७५० मीटरचं आहे. कर्कटक चुकून तिथे लावलं की प्रत्येक अंतर पाच टक्क्यांनी चुकतं.

दिशेसाठी चार्टवर होकायंत्राचं वर्तुळ छापलेलं असतं. खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक त्यात दिलेला असतो. मुंबई परिसरात तो एका अंशापेक्षा कमी आहे, म्हणून इथे शिकणाऱ्याला त्याची सवयच लागत नाही. दुसरीकडे गेल्यावर हाच फरक मोठा निघतो, तेव्हा तो बघायची शिस्त इथेच लावून घ्या. होकायंत्राजवळ मोबाइल, स्पीकर किंवा लोखंडी हत्यार ठेवू नका.

सहावी पायरी: आपण कुठे आहोत?

जीपीएस वापरा, पण दर थोड्या वेळाने डोळ्यांनी पडताळा. किनाऱ्यावरच्या तीन ओळखीच्या वस्तू निवडा, होकायंत्राने प्रत्येकीची दिशा घ्या आणि चार्टवर तीन रेघा ओढा. त्या सहसा एका बिंदूत मिळत नाहीत, छोटा त्रिकोण होतो. त्रिकोण लहान असेल तर ठीक. तेव्हा तुम्ही धोक्याच्या सगळ्यात जवळच्या टोकाला आहात असं धरून चाला. त्रिकोण मोठा आला तर एखादी वस्तू चुकीची ओळखलीय, पुन्हा बघा.

आपले मच्छीमार पिढ्यान्पिढ्या याहून साधी रीत वापरतात. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खिंड एका रेषेत आली की आपण त्या रेषेवर आहोत. दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी जोडी मिळाली की जागा पक्की. चार्टवरही दोन खुणा जोडणारी रेघ छापलेली असेल, तर तिचा उपयोग नेमका हाच असतो. होकायंत्र बिघडलं तरी ही रेघ बिघडत नाही.

सातवी पायरी: बोये आणि दिवे

बोया म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण. बोयांचे नियम ठरवणाऱ्या आयएएलए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 'ए' विभागात भारत येतो. समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या. बाहेर जाताना उलट. अमेरिकेत ही पद्धत नेमकी उलटी आहे, तिकडच्या चित्रफिती बघून शिकणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. काळ्या-पिवळ्या बोयांच्या माथ्यावर दोन शंकू असतात. दोन्ही वर टोकं करून असतील तर बोयाच्या उत्तरेकडून जा, दोन्ही खाली असतील तर दक्षिणेकडून. बुडाला बूड लावलेले असतील तर पूर्वेकडून, टोकाला टोक असेल तर पश्चिमेकडून. रात्री चमका मोजायच्या आणि घड्याळ आठवायचं. पूर्वेला तीन, दक्षिणेला सहा आणि एक लांब, पश्चिमेला नऊ, उत्तरेला अखंड.

दीपगृहाच्या बाजूला अक्षरं आणि आकडे असतात. एफएल, कंसात २, मग १० एस, असं असेल तर दर १० सेकंदांत दोन चमका. पुढे लहान लिपीतला एम म्हणजे दिव्याची उंची मीटरमध्ये, मोठ्या लिपीतला एम म्हणजे दिवा किती सागरी मैलांवरून दिसतो ते. मुंबईसमोर मागे शहराचे लाखो दिवे असतात, त्यामुळे बोयाचा दिवा त्यात हरवतो. घड्याळ हातात धरून पूर्ण चक्र दोनदा मोजल्याशिवाय दिवा ओळखला असं म्हणू नका.

आठवी पायरी: रेघ ओढा

आता गेटवे ते मांडवा. सरळ अंतर साडेसात सागरी मैलांच्या आसपास, दिशा साधारण १६० अंश. ही रेघ पेन्सिलने ओढा आणि मग तिच्यावरून बोट फिरवत प्रत्येक आकडा, खूण, बोया वाचत जा. रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मैलही वाचा. ओहोटीला कुठे पाणी अपुरं पडतं त्या भागाला आडव्या रेघा मारून तो वर्ज्य करा. मग मूळ रेघ मोडून दोन-तीन तुकड्यांची करा.

ही रेघ मोठ्या जहाजांच्या मार्गाला छेदते. मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदर या दोन्हींची जहाजं तिथून जातात. ती खोदलेल्या मार्गाबाहेर वळू शकत नाहीत आणि चटकन थांबू शकत नाहीत. २० मीटरपेक्षा लहान बोटींनी आणि शिडाच्या होड्यांनी त्यांना अडवायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २०१० च्या ७ ऑगस्टला याच पाण्यात एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात पडले आणि बंदराची वाहतूक काही दिवस बंद राहिली. मार्ग ओलांडताना काटकोनात, लवकर आणि दोन्हीकडे बघून ओलांडा.

वेळेचा हिशोब प्रवाहाशिवाय करू नका. होडी ६ नॉटने (तासाला ६ सागरी मैल) चालते, तर साडेसात मैलांना सव्वा तास. प्रवाह २ नॉटचा आणि समोरून असेल, तर जमिनीच्या मानाने ४ नॉटच उरतात आणि जवळपास दोन तास लागतात. तोच मागून असेल तर ५५-५६ मिनिटं. ओहोटीचं पाणी बंदरातून बाहेर, दक्षिणेकडे जातं. ते पकडून निघालात तर इंधन वाचतं. मात्र मांडव्याला पोचेपर्यंत पाणी उतरलेलं असेल, म्हणून तिसऱ्या पायरीचा हिशोब पोचण्याच्या वेळेसाठी करा.

नववी पायरी: चार्ट ताजा ठेवा, स्क्रीन मोठी करा

डेहराडूनचं कार्यालय पंधरवड्याला नाविकांसाठी सूचना काढतं. बोया हलला, नवं बुडालेलं जहाज सापडलं, दिवा बंद पडला, सगळं त्यात येतं. कागदी चार्टवर ते शाईने उतरवायचं आणि खालच्या कोपऱ्यात सूचनेचा क्रमांक लिहायचा. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. कोणाच्या कपाटातला जुना चार्ट उघडलात, तर बंदराच्या त्या भागात मोकळं पाणी दिसेल.

मोबाइलवरच्या चार्टचा धोका वेगळा आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉल्वो ओशन रेसमधली वेस्टास विंड ही शर्यतीची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कारगाडोस काराजोस या प्रवाळभिंतीवर रात्री जाऊन आदळली. सुदैवाने सगळे वाचले. भिंत इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये होती, पण पुरेसं मोठं करून बघितल्याशिवाय ती धोका म्हणून दिसत नव्हती. म्हणून ठरवलेली पूर्ण रेघ, पहिल्या मैलापासून शेवटच्यापर्यंत, स्क्रीन जास्तीत जास्त मोठी करून सरकवत बघा. वेळ लागतो, पण निघण्याच्या आदल्या रात्री तो असतो.

ज्यांना मोजणीचंच काम करावंसं वाटतं, त्यांनी गोव्यातल्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेची माहिती काढावी. तिथले अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहेत. बंदरांना आणि गाळ काढणाऱ्या कंपन्यांनाही सर्वेक्षक लागतात.

आकडा जुळला नाही तर

तुमच्या यंत्रावर चार्टपेक्षा बरंच कमी पाणी दिसलं, तर आधी बोट हळू करा आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. सुरक्षित पाण्यात आल्यावर हिशोब तपासा. भरती मिळवली का? यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतंय की बुडापासून? तरी फरक उरला, तर तो डेहराडूनला कळवता येतो, त्यासाठी ठरावीक नमुना आहे. त्यात अक्षांश-रेखांश, तारीख, घड्याळाची वेळ, यंत्रावर दिसलेली खोली, ती कुठून मोजली, त्या वेळची अंदाजे भरती आणि तुम्ही वापरत असलेल्या चार्टचा क्रमांक व शेवटची दुरुस्ती लिहा. वेळ विसरू नका. वेळेशिवाय भरती वजा करता येत नाही आणि तुमची मोजणी चार्टवर चढू शकत नाही.